उकान वारपेताची दोरी

दगड पडला तेव्हा बार्सेगच्या तोंडात घास होता. आधी पायाखालची जमीन घोंगडी झटकावी तशी हलली, मग वर कुठेतरी डोंगर खाकरला, आणि छताच्या भोकातून येणारा उजेड एकदम विझला. त्यानंतर बराच वेळ धूळ पडत राहिली. धुळीत मेल्कोनकाकाच्या शिव्या ऐकू येत होत्या, म्हणजे म्हातारा जिवंत होता. पण शिव्या देताना तो मध्येच थांबून आवंढा गिळत होता, म्हणजे धड नव्हता.

बार्सेगनं चाचपडत दिवा पेटवला. वर बसवलेला लाकडी गडगडा निसटून खाली आला होता आणि मेल्कोनच्या उजव्या नडगीवर पडला होता. पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता.

"बघतोस काय?" मेल्कोन म्हणाला. "कधी मोडका पाय बघितला नाहीस? वर बघ. वर काय झालंय ते बघ."

वर फार वाईट झालं होतं. हे दोघं होते ते वीमावंक मठाचं नवं चर्च, आणि ते बांधलेलं नव्हतं, कोरलेलं होतं. त्या दरीत सपाट जमीन म्हणजे काय ते कुणाला माहीत नाही. म्हणून मठवाल्यांनी फार पूर्वी कड्याला पाठ लावून बाहेरचा मंडप बांधला आणि मुख्य चर्च कड्याच्या पोटात खोदायचं ठरवलं. असलं काम वरून खाली करतात. कड्याच्या माथ्यावर भोक पाडायचं, विहिरीसारखं उतरायचं, मग घुमट कोरत रुंद व्हायचं, मग खांब, मग भिंती, मग फरशी, आणि दार सगळ्यांत शेवटी. तोवर माणसं, दगडाचा चुरा, भाकरी, सगळं त्या एकाच भोकातून दोरानं खाली-वर. बार्सेग सोळा वर्षांचा असल्यापासून तिथून उतरत होता. आता त्याच्या दाढीत पांढरे केस होते.

त्याच भोकात आता माथ्यावरचा एक धोंडा येऊन बाटलीच्या बुचासारखा बसला होता. एका कडेला बोटभर फट राहिली होती. तिच्यातून उजेडाची एक काडी थेट फरशीच्या मध्यावर उतरली होती.

आणि उत्तरेच्या भिंतीला तडा गेला होता. त्यातून पाणी येत होतं.

"झरा फुटला," बार्सेग म्हणाला.

"चला, प्यायची सोय झाली," मेल्कोन म्हणाला, आणि मग त्याला शुद्ध राहिली नाही.

बार्सेगनं त्याला उचलून वेदीच्या चौथऱ्यावर नेऊन निजवलं. चौथरा कमरेइतका उंच होता. दोन लांब छिन्न्या लावून त्यानं पाय आपल्या अंगरख्यानं बांधला. हे होईपर्यंत पाणी घोट्याला लागलं. पाणी बर्फाचं होतं, त्याच्या वासानंसुद्धा दात शिवशिवत होते.

थोड्या वेळानं वरून आवाज आला. पाथरवटांच्या उस्तादाला तिकडे वारपेत म्हणतात. उकान वारपेतानं, म्हणजे बार्सेगच्या बापानं, तो घुमट असा काही कोरला होता की फरशीच्या मध्यावर उभं राहून गायलेला सूर न सांडता वर जावा. वरून खाली आवाज येतानाही तेच होत होतं. भोकापाशी कुणी नुसता सुस्कारा टाकला तरी मध्यावरच्या माणसाला तो कानाशी ऐकू यायचा, आणि तिथून दोन पावलं सरकलं की काही नाही.

"बार्सेग! आहेस का रे?" तो वेत्सिक होता, बाहेरच्या तुकडीचा मुकादम.

"आहे! मेल्कोनकाकाचा पाय मोडलाय! पाणी भरतंय! धोंडा काढा!"

"धोंड्याला हात लावला तर तो तुमच्याच डोक्यात येईल! हायर म्हणतायत, दाराकडून या!"

हायर म्हणजे मठाधिपती तादेव. त्यांना सगळे हायर म्हणत, आणि ते म्हणतील त्याला मान हलवत. या वेळी त्यांचं म्हणणं बरोबरही होतं. दाराची वाट अर्धी तयार होती. मंडपाच्या भिंतीतून उकाननं मरण्यापूर्वी सात हात बोगदा आत आणून ठेवला होता. आतून बार्सेगनं पाच हात खोदायचे, की दोन्ही वाटा एकमेकींना भेटणार, असा हिशेब खुद्द उकाननं सांगून ठेवला होता.

"आज भेटेल!" बार्सेग ओरडला. "तुम्ही तिकडून ठोकत राहा, मी इकडून ठोकतो!"

हे बोलताना त्याचे कान तापले. कारण त्यानं पाच हात खोदून झाले होते. पाचच काय, सात झाले होते. दोन आठवड्यांपूर्वीच भेट व्हायला हवी होती, आणि झाली नव्हती, आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी त्या छातीएवढ्या बोगद्यात वाकून शिरायचं, दगड फोडायचा, संध्याकाळी वर येऊन म्हणायचं, "होतंय, होतंय." वारपेत झाल्याला दहाच वर्षं झाली होती. चूक कबूल करायला माणूस एक तर फार जुना वारपेत असावा लागतो, नाहीतर वारपेत नसावा लागतो.

मेल्कोन शुद्धीवर आला तो हे ऐकतच.

"आज भेटेल म्हणे!" तो चौथऱ्यावरून म्हणाला. "वारपेत, अरे, पंधरा दिवस मी तुझ्यामागं चुरा उपसतोय. मला मोजता येत नाही असं वाटतं तुला?"

"बोलला नाहीस ते?"

"तुझा बाप असता तर बोललो असतो. त्याच्याशी भांडता यायचं. तू गाल फुगवून बसतोस."

बार्सेगनं दिवा उचलला. तो बोगद्यात शिरला आणि घण घालू लागला. मधूनमधून थांबून ऐके. बाहेरच्या तुकडीचे ठोके येत होते, पण दगडात ठोका कुठून येतो ते देवालाही सांगता येत नाही. तो डावीकडून येतो, उजवीकडून येतो, आपल्याच छातीतून येतो.

"वरून येतोय," मेल्कोन ओरडला.

"गप पड."

"माझे कान साठ वर्षांचे आहेत पण कान आहेत. वरून येतोय!"

"वर डोंगर आहे काका! वर काय असणार?"

दुपारपर्यंत पाणी गुडघ्याला आलं. बार्सेगला पायांची बोटं आहेत की गेली ते कळेना. एवढं थंड पाणी असतानाही त्याला घाम फुटला होता, आणि तो घाम कष्टाचा नव्हता. आपण इथं मरणार ही एक गोष्ट. पण म्हाताऱ्याला घेऊन मरणार, तेही आपल्या तोंड दाबून बसण्यापायी, हे त्याला सोसवेना. तो बोगद्यातून बाहेर आला, पाणी तुडवत उजेडाच्या काडीखाली उभा राहिला, आणि वर तोंड करून त्यानं सगळं ओकून टाकलं. पाच हातांचे सात झाले. दोन आठवडे झाले. माप चुकलंय. कुठं ते कळत नाही.

वर कुजबुज झाली.

"सरळ आत खोदत आलो तर किती दिवस?" शेवटी हायरांनी विचारलं.

"दगड अजून पाच हात आहे. बोगद्यात एका वेळी एकच माणूस मावतो," वेत्सिक म्हणाला. "आठवडा."

"आठवड्यात पाणी घुमटाला लागेल," बार्सेग म्हणाला.

चूक कुठं असणार हे खरं तर सगळ्यांनाच ठाऊक होतं: दोरीत. तिकडच्या पाथरवटांत प्रत्येक वारपेताची स्वतःची दोरी असते. शपथविधीच्या आदल्या दिवशी तो बंद खोलीत एकटा बसतो आणि काळ्या बकरीच्या केसांच्या दोरीला आपल्या हाताच्या मापानं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, गाठी मारतो. पुढं तो जन्मभर त्याच दोरीनं मोजतो. दुसऱ्यानं ती नक्कल करायची नाही, ती जिवंत माणसाच्या हाताला लावून पाहायची नाही. तसं करणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. वारपेत मेला की जाणती मंडळी दोरी एकदाच त्याच्या हाताला लावून बघतात, ती जुळली की त्याच्या मुठीत देतात आणि दोरीसकट पुरतात. ज्याची जुळली नाही तो वारपेत नव्हेच. त्यानं बांधलं त्यावरून त्याचं नाव छिन्नीनं खरवडून काढायचं. असं एकदा झालं होतं म्हणतात, आणि त्या घरात पुन्हा कुणी मुलगी दिली नाही.

उकान वारला तेव्हा अठरा हात खोल काम झालं होतं. त्याच्या हिशेबानं एकूण पन्नास हात खोल जायचं होतं, म्हणजे फरशी बाहेरच्या मंडपाच्या फरशीला मिळते. उरलेले बत्तीस हात बार्सेगनं स्वतःच्या दोरीनं मोजले. बापाचं काम नव्या दोरीनं पुन्हा मोजणं हाही अपमानच, म्हणून ते त्यानं केलं नव्हतं. शिवाय त्याची अंगकाठी बापाचीच. लोक म्हणायचेच, उकानच चालत आलाय जणू.

"एकच उपाय आहे," हायर म्हणाले. "उकान वारपेताची दोरी बघायला हवी. देव मला क्षमा करो. थडगं उघडू."

उकान मंडपातच पुरलेला होता, दाराच्या बोगद्याच्या तोंडाशी. दोन पहारी लावल्या की काम होण्यासारखं होतं.

"उघडा!" बार्सेग खालून ओरडला.

"उघडू नका."

तो आवाज त्याच्या आईचा होता. मामकान. पासष्ट वर्षांची बाई गुडघे धरत कड्याच्या माथ्यावर आली होती.

"आई, तू मध्ये पडू नकोस!"

"उघडू नका म्हणते ना मी."

"आई! इथं पाणी मांडीला लागलंय! मेल्कोनकाका काळा पडलाय! आणि तुला हाडांची पडलीय?"

"ओरडू नकोस. घशाला कोरड पडेल." मग ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलली. "हायर, या सगळ्यांना घेऊन जरा लांब व्हा. मला माझ्या मुलाशी बोलायचंय. मरायला टेकलाय तो. आईला एवढंही नाही का?"

पावलं दूर गेली. उजेडाची काडी अंधारली. आई फटीवर तोंड ठेवून पालथी पडली होती. तिचा श्वास बार्सेगला कानाशी ऐकू आला.

"मध्यावर आहेस ना रे?"

"आहे."

"मग ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. त्यांच्या मुठीत जी दोरी आहे ती खोटी आहे. ती मी केली, ते गेले त्या दिवशी, त्यांच्या हाताला लावून. ती काढलीत तर तुझ्याच दोरीएवढी भरेल आणि तुम्ही सगळे पुन्हा तिथंच याल. खरी दोरी मी तंदुरात जाळली."

बार्सेगला वाटलं पाण्यानं डोकं फिरलं आपलं.

"का?"

"मध्ये बोलू नको म्हटलं ना. शपथेच्या आधी वीस दिवस खाणीत त्यांच्या कोपरावर चिरा पडला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाळी दुसऱ्याला गेली असती, आणि पुन्हा कधी आली असती कुणास ठाऊक. त्या दिवशी खोलीत गेले, आणि हात सरळ होईना. बोटं वळेनात. गाठ मारता येईना. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा रडला. मग मी मागच्या दारानं आत गेले आणि सगळ्या गाठी मी मारल्या. माझ्या हातानं. माझा हात आखूड, म्हणून पुढं चार बोटं जास्त धरली. बायकी वाटू नये म्हणून."

"म्हणजे त्यांनी बांधलेली सात चर्चं…"

"सातही. आणि हे आठवं. आता कळलं?"

बार्सेगला भिंतीला हात टेकायचा होता, पण मध्यावरून हलला तर आवाज जाणार होता. तो तसाच उभा राहिला. बापाची दोरी दाराआडच्या खुंटीला टांगलेली असायची. तिच्याकडे बघत तो जेवायचा. तिला हात लावला म्हणून सहा वर्षांचा असताना त्यानं मार खाल्ला होता, आणि मारणारी हीच आई होती.

"दहा वर्षं तोंड शिवून बसलीस तू!" तो म्हणाला.

"मला काय ठाऊक तुझा हात त्यांच्याएवढाच लांब आहे म्हणून! तुझी दोरी झाली तेव्हा मी म्हटलं, बघू दे रे. काय म्हणालास? बायकांनी दोरीला हात लावायचा नसतो म्हणालास. आणि बोलले असते तर सातही ठिकाणचं त्यांचं नाव फोडलं असतं या लोकांनी. तुझ्यासाठी बोलतेय. नाहीतर थडग्यात घेऊन गेले असते. तू विसर आता. धागा टाकते, तो घे."

तिच्या कमरेला लोकर कातायची चाती खोचलेली असायचीच. वर काहीतरी खसफसलं, मग एक खडा फटीतून निसटला, दोनदा आपटला आणि पाण्यात पडला. बार्सेगनं बुडी मारून तो काढला. खड्याला लोकरीचा धागा गुंडाळला होता, धाग्याला दोन गाठी, मध्ये तिचा एक हात आणि वर चार बोटं.

त्यानं तो दिव्यापाशी नेऊन आपल्या दोरीला लावला. खात्री पटेना म्हणून तीनदा लावला. तिन्ही वेळा धागा तीन बोटं कमी भरला.

"मेल्कोनकाका, बत्तीस त्रिक किती?"

"शहाण्णव," मेल्कोन डोळे न उघडता म्हणाला.

"शहाण्णव बोटं."

"म्हणजे चार हात. सरळ चार हात." मेल्कोननं आता डोळे उघडले. "गाढवा, आपण मंडपाच्या फरशीच्या चार हात खाली आहोत. दार तुझ्या डोक्यावर आहे. तुझ्या बापाचा बोगदा आपल्या बोगद्याच्या वरून चाललाय, आणि तू त्याच्या पोटाखालून पुढं निघालास!" तो हसायला लागला आणि कळ येऊन कण्हायला लागला. "वरून येतोय म्हणत होतो की नाही? कान आहेत म्हणत होतो की नाही?"

बार्सेगनं पुन्हा मध्यावर येऊन वेत्सिकला हाक मारली. सगळ्यांना परत बोलावलं. बोगद्याच्या टोकापासून एक हात मागं या, म्हणाला, आणि समोर नको, खाली खोदा. दीड हात दगड आहे फक्त. मी खालून येतो.

"खाली? तुला कसं कळलं?" वेत्सिकनं विचारलं.

"खोद ना रे बाबा!"

पुढच्या वेळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. छत फोडायचं म्हणजे तोंड वर करून घण घालायचा, आणि जे फुटेल ते डोळ्यांत घ्यायचं. अंधार पडला, उजेडाची काडी गेली, तेल संपलं, तो चाचपडत ठोकत राहिला. पाणी कमरेला आलं. मेल्कोनला हाक मारावी आणि त्यानं शिवी द्यावी, असं त्यांचं ठरलं होतं. पहाटेपर्यंत शिव्या लहान लहान होत गेल्या. बार्सेग रडत होता, ते त्यानं लपवलंही नाही. बघायला कोण होतं? कधी त्याला आईचा राग येई, कधी बापाचा, आणि मग दोघांपेक्षा स्वतःचा. बापासारखा दिसतोस, बापासारखा चालतोस, बापासारखं काम कर, हे ऐकत तो या भोकात उतरत आला होता. वीस-पंचवीस वर्षं त्यानं जे गाठायला धाप लागेतो धाव घेतली, ते बापाकडे नव्हतंच.

मठाची सकाळची लाकडी घंटा वाजून गेल्यावर त्याच्या छिन्नीला वरून उत्तर मिळालं. दुपारी एक पहार त्याच्या कानाजवळून खाली आली. मग मूठ मावेल एवढं भोक, मग डोकं मावेल एवढं. बार्सेगनं कमरेवर चढलेल्या पाण्यातून मेल्कोनला पाठीवर आणलं आणि वर ढकललं. वर हातांचं रान माजलं होतं. म्हातारा वर जाताना म्हणाला, "सावकाश रे, मी काय पोतं आहे?" तेव्हा कुठे बार्सेगच्या जिवात जीव आला.

तो स्वतः वर आला तेव्हा बापाच्या बोगद्यातून रांगत मंडपात यावं लागलं. मंडप माणसांनी भरला होता. साधू होते, पाथरवट होते, खालच्या गावच्या बायका हातात लवाशच्या पातळ भाकरी आणि गरम दुधाच्या लोट्या घेऊन उभ्या होत्या. कुणीतरी त्याच्या अंगावर मेंढीचं कातडं टाकलं. आई थडग्यापाशी उभी होती. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोटं मोजल्यासारखं.

"पोरा," हायर म्हणाले, "दार खाली आहे हे तुला कुणी सांगितलं?"

बार्सेगनं तोंड उघडलं. तो खरं सांगणार होता. त्याच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं.

"यांनी," मामकान म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिनं थडग्याकडे बोट केलं.

"मी फटीशी पडून यांचा धावा केला. म्हटलं, तुमचा मुलगा आहे, वाट दाखवा. तर खालून यांचाच आवाज आला. खाली खोदा म्हणाले. शपथ घेते."

आणि ती गुडघ्यांवर बसली, कमरेत वाकली, आणि तिनं त्या दगडाचं चुंबन घेतलं. मागोमाग बायका बसल्या, मग पाथरवट बसले, वेत्सिक तर ओक्साबोक्शी रडायला लागला. हायरांनी क्रूसाची खूण केली. बार्सेग एकटा उभा राहिला, आणि मग त्यालाही बसावं लागलं. मेल्कोनला झोळीत घालून नेत होते. त्यानं बार्सेगकडे पाहून कानावर हात ठेवला आणि मान हलवली: मी बहिरा. डोंगरातून सुटलो म्हणेपर्यंत हे दुसरं बूच डोक्यावर बसलं होतं, आणि ते आपल्या आईनं बसवलं होतं, तिच्या दोन्ही हातांनी.

पुढं दोन वर्षांत काम पुरं झालं. झऱ्याला पन्हळ काढून दिली. आता त्याचं पाणी लोक तीर्थ म्हणून नेतात. चार हात खोल गेलेली फरशी काही वर आणता येईना, तेव्हा दारातून आत उतरायला बार्सेगनं आठ पायऱ्या कोरल्या. देवाच्या घरात माणसानं नम्र होऊन उतरावं, म्हणून उकान वारपेतानं मुद्दाम तशी योजना केली होती, असं साधू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. बार्सेग ऐकून घ्यायचा.

मग हायरांनी दारावरचा लेख सांगितला. उकान वारपेतानं मृत्यूनंतरही आपल्या मापानं मुलाला डोंगरातून सोडवलं, अशा अर्थाचा. कोरायचा अर्थातच मुलानंच.

बार्सेगनं तो आठ दिवस कोरला. नवव्या दिवशी, सगळे शेंगा तोडायला मळ्यात गेले असताना, त्यानं लेखाच्या खाली आणखी एक ओळ आखली आणि कोरायला घेतली. अर्धी झाली नसेल तोच आई जेवण घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. पण पाथरवटाच्या घरात चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या बाईला ओळ जास्तीची आहे हे कळायला वाचावं लागत नाही.

"हे काय?"

"काही नाही."

"बार्सेग."

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "तुझं नाव आहे. फक्त नाव. पुढचं अजून लिहिलं नाही."

मामकाननं मंडपात इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग तिनं टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि पुढं झाली.

"कुठून कुठवर मी?"

"इथून. ही सहा अक्षरं."

त्यांच्या लिपीत स्वरालाही वेगळं अक्षर असतं. तिनं बोट ठेवलं. पहिल्या अक्षराच्या खाचेतून बोट सावकाश फिरवलं, मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याशी थांबली.

"हे पहिल्यासारखंच आहे."

"हो. ते दोनदा येतं."

"असं होय." ती पुढं सरकली. चौथं, पाचवं, सहावं. सहाव्याच्या शेवटच्या टोकाला बोट पोचलं, तिथं ते जरा वेळ तसंच राहिलं. मग ती पुन्हा पहिल्यावर आली आणि तिनं सगळं एकदा गिरवलं, या वेळी न थांबता. तिच्या बोटाला दगडाची पांढरी भुकटी लागली होती.

"चांगलं आलंय," ती म्हणाली. "हात चांगला आहे तुझा."

"आई, राहू दे ना ते."

"आता फोड."

"आई…"

"कुणी विचारलं तर काय सांगशील? ही कोण, हिचं नाव इथं का? एकानं विचारलं की दुसरा विचारतो. फोड म्हणते ना. मी आहे तोवर फोड, मला बघू दे."

ती पायरीवर बसली आणि टोपलीवरचं फडकं काढून त्याच्यासाठी लवाशमध्ये चीज गुंडाळू लागली. बार्सेगनं घण उचलला. अक्षरं कोरायला त्याला सकाळपासून दुपार झाली होती. फोडायला तेवढा वेळ लागला नाही.